तारकर्ली-देवबागला पहिल्यांदा रिसॉर्टवर राहायला जाताय? आमचं काय काय झालं ते सांगते

माझी नणंद मालदीवला जाऊन आली तेव्हापासून आमच्या घरात समुद्रावरचं रिसॉर्ट हा एकच विषय होता. तिथं म्हणे एक अख्खं बेट म्हणजे एकच रिसॉर्ट, विमानतळावरून स्पीडबोटीनं नाहीतर पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानं न्यायचं, आणि अंधार पडला की ते विमान उडत नाही म्हणून रात्री पोचणाऱ्यांना मालेतच मुक्काम. सगळं ऐकून घेतलं, बजेट बघितलं आणि ठरवलं की आपण कोकणात जायचं. आम्ही सोलापूरची माणसं, आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येतं, आम्हाला समुद्र दिसला तरी खूप आहे. आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई. सासूबाई माळकरी, म्हणजे मासे तर सोडाच, कांद्याच्या फोडणीलासुद्धा एकादशीला हात लावत नाहीत. अशी माणसं देवबागला जाऊन काय खाणार हा प्रश्न सगळ्या नातेवाईकांनी विचारून झाला होता.

देवबाग का निवडलं तर नकाशा. एकदा नकाशा उघडून बघाच, मालवणच्या खाली जमिनीची एक लांब निमुळती पट्टी दिसते, एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, मधे एक अरुंद रस्ता आणि दोन्हीकडे माडांत लपलेली घरं. बेट नाही, पण जवळपास बेटच. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते तो संगम.

बुकिंग करताना एक लक्षात घ्या. सी व्ह्यू, सी फेसिंग आणि बीच टच हे तीन शब्द सगळे आपापल्या सोयीनं वापरतात. सी व्ह्यू म्हणजे सुरूच्या झाडांमधून निळी पट्टी दिसली तरी सी व्ह्यूच. बीच टच असेल पण समोर वाळूच्या जागी दगडांचा बंधारा असू शकतो, कारण देवबागचा किनारा बऱ्याच ठिकाणी समुद्रानं खाल्लाय आणि धूप थांबवायला दगड टाकलेत. हे फोटोत कधीच दिसत नाही. मी फोनवर रिसॉर्टच्या मालकांना सरळ विचारलं, काका, खोलीतून निघून पाय ओले व्हायला किती वेळ लागतो आणि मधे दगड आहेत का. ते हसले आणि म्हणाले दगड नाहीत, पण खोल्या जरा मागे आहेत, भरतीच्या रेषेपासून अमुक अंतरात बांधकाम करायला सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीसाठीचे सरकारी, नियम आहेत. मग त्यांनी व्हॉट्सॅपवर गेटपासून पाण्यापर्यंत चालत व्हिडिओ काढून पाठवला. तुम्हीही मागा, देतात बहुतेक जण. एसीचं भाडं वेगळं, जेवणाचं वेगळं, नाश्ता धरलाय का ते विचारायचं, आणि लाइट गेली तर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखे हेही विचारायचं. आमच्याकडे फक्त पंखे होते. जानेवारी होता म्हणून काही वाटलं नाही, रात्री उलट पांघरूण लागलं, पण मे महिन्यात हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

नाताळ ते एक जानेवारी सोडून जा हे वेगळं सांगायला नको, भाडी दुप्पट होतात आणि मालवणच्या बाजारात गाडी हलत नाही. आम्ही संक्रांतीनंतर मधल्या वारी गेलो.

प्रवास आमचा गाडीनं. सांगोला, मिरज, कोल्हापूर, तिथून राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट उतरून कणकवली, मग कसालवरून मालवण. कोल्हापूरच्या पुढे चार-साडेचार तास धरा, मुलांना घाटात उलट्या होतात त्या धरून. मुंबईवाल्यांना रेल्वे बरी, कोकणकन्या नाहीतर तुतारी पकडून कुडाळला उतरायचं आणि पुढे रिक्षा किंवा एसटी, पण तिकीट साठ दिवस आधी बुकिंग उघडतं तेव्हाच काढायचं, गणपती आणि मे महिन्यात तर ते सुद्धा नशीबच.

पोचलो तर गेटवर काकांचं पहिलं वाक्य, "गाडी माडाखाली लावू नकात हां, वरसून नारळ पडलो तर काच फुटतली." स्वागताचं सरबत वगैरे नंतर आलं, कोकम होतं, मस्त होतं.

आता रिसॉर्ट म्हणजे काय ते सांगते, कारण नणंदेचे फोटो डोक्यात ठेवून कोणी जाऊ नये. इथे बहुतेक ठिकाणी पुढे पाच-सहा खोल्या आणि मागे मालकाचं स्वतःचं घर. स्वयंपाक वहिनी करतात, मदतीला शेजारची एखादी बाई, आणि त्यांचा मुलगाच तुम्हाला बोटीवर घेऊन जाणार. रूम सर्व्हिसची बेल वगैरे नाही, पडवीत जाऊन हाक मारायची. टॉवेल दोनच देतात म्हणून घरून जास्तीचे न्या, कारण खाऱ्या हवेत काहीही वाळत नाही, सकाळी दोरीवर टाकलेला कपडा संध्याकाळी पण दमटच. खोलीच्या दाराशी एक नळ आणि बादली असते, ती पाय धुवायला, वाळू आत नेली की वहिनी काही बोलत नाहीत पण त्यांचा चेहरा बोलतो. अंघोळीचं पाणी थोडं मचूळ लागलं, साबणाला फेस कमी. प्यायला वेगळा जार होता. आणि खाडीच्या बाजूला राहत असाल तर संध्याकाळी मच्छर, ओडोमॉस न्याच.

पण खरी गंमत पुढेच आहे. मी निघायच्या आधी छान कागदावर प्लॅन लिहिला होता, सकाळी नऊ ते अकरा त्सुनामी आयलंड, दुपारी किल्ला, संध्याकाळी डॉल्फिन. काकांनी तो कागद वाचला, घडी घालून मला परत दिला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघितलं. उद्या तेरस. तेरा गुणिले पाऊण म्हणजे पावणेदहा, म्हणजे पावणेदहाच्या आसपास भरती. तुमच्या नऊ ते अकराला तुमचं आयलंड पाण्याखाली.

हा हिशोब मला इतका आवडला की मी सगळ्यांना सांगत सुटलेय. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वेळेच्या आसपास पूर्ण भरती, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि दिवसातून दोनदा हे सगळं. रोज वेळ पाऊण तासाच्या वर पुढे सरकते. शिवाय अमावस्या-पौर्णिमेच्या जवळ उधाण असतं, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त, अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा फरक कमी. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना हे तोंडपाठ आणि आम्ही सोलापूरचे लोक कॅलेंडर फक्त एकादशी बघायला वापरतो. म्हणजे सासूबाईंना तिथी पाठ होत्या, पाऊणपट माहीत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून भरतीची वेळ त्याच सांगायला लागल्या.

त्सुनामी आयलंड म्हणजे खाडीतला वाळूचा उंचवटा, 2004 च्या त्सुनामीनंतर हे नाव पडलंय. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला त्यावर पाणी चढतं. म्हणून इथे जायची वेळ तुमच्या चेक-इनवर किंवा मूडवर नाही, तिथीवर. आम्ही दुपारी तीनच्या पुढे गेलो, पौर्णिमा जवळ असल्यामुळे पाणी चांगलं उतरलं होतं, मुलगी घोट्याएवढ्या पाण्यात तासभर नुसती पळत होती. जेट स्की, बनाना राइड, बंपर असलं सगळं तिथेच आजूबाजूला चालतं. बनाना राइडमधे शेवटी मुद्दाम पाण्यात पाडतात हे आधी सांगत नाहीत, चष्मा काढून ठेवा. लाइफ जॅकेटची पट्टी स्वतः ओढून बघा, मुलांच्या मापाचं मागून घ्या, मोठ्या माणसाचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खाली राहतं.

भरती-ओहोटीनंतर दुसरा मालक म्हणजे वारा. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जो वारा वाहतो त्याला तिकडे मतलई म्हणतात, तो असेपर्यंत दर्या शांत, दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि लाटा उठतात. म्हणून डॉल्फिन सकाळी. माझ्या प्लॅनमधे डॉल्फिन संध्याकाळी होते! सातला होडी निघाली, संगमावरून बाहेर, समोर भोगव्याचा किनारा, पुढे निवतीच्या बाजूला. डॉल्फिन दिसतीलच अशी गॅरंटी कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका, आम्हाला दिसले पण लांबून, पाठीचा काळा कंगोरा वर येतो आणि जातो, फोटोत फक्त पाणी येतं. नवरा म्हणाला एवढ्यासाठी सातला उठवलं. सासूबाईंनी मात्र हात जोडले, त्यांना मत्स्यावतार आठवला.

संगमावर पोहायचं नाही. हे मी ठळक सांगते कारण तिथं पाणी दिसायला एकदम शांत असतं. ओहोटीला अख्ख्या खाडीचं पाणी त्या तोंडातून समुद्राकडे ओढलं जातं, चांगला पोहणाराही टिकत नाही. किनाऱ्यावर सुद्धा कमरेच्या वर पाण्यात जायचं नाही आणि लाटांच्या मधे एखाद्या पट्ट्यात लाट फुटतच नसेल तर ती सेफ जागा नाही, तिथूनच पाणी मागे जात असतं. ओढला गेलात तर किनाऱ्याकडे उलटं मारत बसायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर निघायचं. काकांच्या मुलानं हे सगळं पहिल्याच संध्याकाळी आम्हाला वाळूत काठीनं काढून दाखवलं.

स्कुबाबद्दल सगळे विचारतात म्हणून जरा सविस्तर. मला पोहता येत नाही. तरी केलं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळच्या खडकांत नवशिक्यांना नेतात, खोली फार नसते. आधी फॉर्म भरून घेतात, दमा, हार्ट, कानाचं ऑपरेशन, प्रेग्नन्सी असलं काही असेल तर खरं लिहा, पैसे गेले तर गेले. मग सूट, तो अंगात चढवायलाच दहा मिनिटं. नाक मास्कमधे बंद, श्वास फक्त तोंडानं, आणि हेच सगळ्यात अवघड आहे, पाणी बिणी काही नाही. पहिल्यांदा डोकं खाली घातलं आणि लगेच वर आले, खोकला, नाकातोंडात मीठ. इन्स्ट्रक्टर पोरगा विशीतला, म्हणाला ताई, घाई कोणाला आहे, धरून उभ्या राहा आणि नुसता श्वास घ्या. तसं केलं, मग जमलं. खाली जाताना कान दुखतात, नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकायची, कान फट् करून मोकळे होतात, दर थोड्या खोलीला हे करायचं, दुखायची वाट बघायची नाही. खुणा लक्षात ठेवा, अंगठा वर म्हणजे मस्त नाही हं, अंगठा वर म्हणजे मला वर न्या. मस्त असेल तर अंगठा आणि तर्जनीचा गोल. नवऱ्यानं फोटोसाठी जोशात अंगठा दाखवला आणि त्याला सरळ वर आणलं, तो अजून चिडलेला आहे.

खाली काय दिसतं? अंदमानच्या व्हिडिओसारखं निळंशार नाही. पाणी हिरवट, थोडं पुढचंच दिसतं, पण खडकाला चिकटलेलं प्रवाळ, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे हाताशी येतात, आणि स्वतःच्या श्वासाचा आवाज सोडून काहीच ऐकू येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ, मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत हे सगळं बंदच असतं. विमानानं परत जाणार असाल, चिपीहून किंवा गोव्याच्या मोपाहून, तर स्कुबानंतर निदान बारा तास विमानात बसू नका, जास्त गॅप ठेवला तर उत्तम. आणि पोटभर नाश्ता करून जाऊ नका, होडी एका जागी उभी राहून डुलते तेव्हा भल्याभल्यांचे घावणे बाहेर येतात.

किल्ला वेगळ्या दिवशी ठेवा. मालवणच्या जेट्टीवरून होडी, किल्ल्यावर साधारण तासभर देतात आणि तो कमी पडतो, 48 एकरांचा पसारा आहे. मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे, तिथे पूजा करून 25 नोव्हेंबर 1664 ला महाराजांनी कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचं काम सुरू केलं, तीनेक वर्षांत उभा राहिला. होडीतून येताना दरवाजा कुठे आहे ते शेवटपर्यंत कळत नाही, तटाच्या वळणात लपवलाय. आत शिवराजेश्वराचं मंदिर, राजाराम महाराजांनी बांधलेलं, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असून दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडं पाणी. रिसॉर्टवर मचूळ पाण्यानं अंघोळ केल्यावर त्या विहिरींचं मोल जास्तच कळलं. म्हाताऱ्या माणसांना होडीत चढता-उतरता त्रास होतो, होडी हलत असते, पाय टाकायची वेळ साधावी लागते, सासूबाईंना दोघा खलाशांनी अलगद उचलूनच ठेवलं आणि त्या दिवसभर खूश होत्या.

जेवण. इथे हॉटेलसारखं मेन्यू कार्ड बघून ऑर्डर नाही, सकाळी नाश्त्यालाच वहिनी विचारतात दुपारी किती ताटं आणि काय, कारण त्याप्रमाणे मासळी आणायची. होड्या काय घेऊन आल्या त्यावर ताट ठरतं. पापलेट पाहिजेच म्हणून हट्ट केलात तर महाग पडेल, सुरमईचा भाव तुकड्याच्या साइजवर, आधी विचारून घ्या म्हणजे बिलाच्या वेळी तोंड वाकडं होत नाही. मला विचाराल तर बांगडा. ताजा बांगडा तिरफळ घालून केलेला, सोबत भाकरी आणि शेवटी सोलकढी, त्या दोन वाट्या तरी होतातच. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा पावसात मासे खायला जातो म्हणणाऱ्यांनी विचार करा.

आणि सासूबाई? त्यांची सोय सगळ्यात भारी झाली. मी बिचकत फोनवरच सांगितलं होतं, तर वहिनी म्हणाल्या आमचे सोमवार असतातच की, भांडी वेगळी आहेत. काळ्या वाटाण्याची आमटी, घावणे आणि ओल्या नारळाची चटणी, कुळथाची पिठी, एक दिवस खापरोळी नारळाच्या गोड रसात बुडवून. सासूबाईंनी पिठीची रीत विचारून घेतली, वहिनींनी शेंगापोळीची विचारली, दोघी पडवीत बसून दोन तास बोलत होत्या, एक मालवणीत, एक सोलापुरीत, आणि दोघींना सगळं कळत होतं. मालदीवला हे मिळत असेल असं वाटत नाही.

एका सकाळी रापण बघायला मिळाली, ती कुठल्या पॅकेजमधे नसते. होडी जाळं घेऊन पाण्यात मोठा अर्धगोल मारते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर माणसं ओढतात, वीस-पंचवीस जण असतील, मागे मागे सरकत. काकांनी विचारून दिलं म्हणून आम्हीपण दोराला हात लावला, तळहात सोलून निघाले. मुलगी तर दोराला लोंबकळतच होती. बराच वेळ गेल्यावर जाळं वर आलं, बांगडे, तारल्या, मधेच एखादा खेकडा, कावळे आणि घारी डोक्यावर. ओढणाऱ्यांना वाटा मिळतो म्हणून आमच्या हातातही मूठभर तारल्या टेकवल्या. त्या लोकांना मधे मधे जाऊन सेल्फी काढायला लावू नका, त्यांचा धंदा चाललेला असतो.

खर्चाचं म्हणाल तर खोलीपेक्षा वरचा खर्च जास्त होतो, होडी, स्कुबा, किल्ला, मासे. होडी माणशी नाही, अख्खी ठरवतात बऱ्याच वेळा, म्हणून शेजारच्या खोलीतल्या पुणेकरांबरोबर आम्ही वाटून घेतली. यूपीआय सगळीकडे चालतं पण देवबागमधे रेंज मधेच जाते, थोडी कॅश मालवणातूनच काढून ठेवा. चेक-आउट दहाचा होता, काकांनी अकरापर्यंत काही म्हटलं नाही, नंतर मात्र झाडू घेऊन मुलगा दारात उभा राहिला.

येताना मालवणच्या बाजारात थांबून खाजं, कोकम, काजू घेतले. खाजं गुळाचं घ्या, आल्याचा वास येतो तेच. आमचं एक पाकीट कोल्हापूर यायच्या आत संपलं आणि नणंदेला द्यायला काहीच उरलं नाही, तिला कोकम दिलं.